मॉरिशस : ४४ टक्के मतदारांनी 'नको' म्हटलेलं स्वातंत्र्य, आणि त्याची अजून न फिटलेली किंमत

१२ मार्च १९६८. मॉरिशसची राजधानी पोर्ट लुईस. शां द मार्स हे इथलं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान. दुपारी १२ वाजता तिथे ब्रिटनचा युनियन जॅक खाली उतरला आणि लाल, निळा, पिवळा, हिरवा असा चार पट्ट्यांचा नवा झेंडा वर गेला.

पण या सोहळ्यात एक खुर्ची रिकामी होती. ब्रिटिश राजघराण्यातर्फे राजकन्या अलेक्झांड्रा येणार होत्या, पण त्यांचा दौरा रद्द झाला. कारण जानेवारीत पोर्ट लुईसमध्ये क्रिओल आणि मुस्लीम वस्त्यांमध्ये दंगल उसळली होती. त्यात दोन डझनांहून अधिक लोक मारले गेले आणि शांतता राखायला ब्रिटिश सैन्य बोलवावं लागलं. देश स्वतंत्र झाला तेव्हा तिथे आणीबाणी लागू होती.

त्याच्या सात महिने आधी, ऑगस्ट १९६७ च्या निवडणुकीत, सुमारे ४४ टक्के मतं स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला पडली होती.

वसाहतीतल्या लोकांना स्वातंत्र्य नको होतं, हे आपल्याला वाचायला विचित्र वाटतं. पण मॉरिशस समजून घ्यायचा तर सुरुवात याच प्रश्नापासून करावी लागते. इतक्या लोकांना स्वातंत्र्याची भीती का वाटत होती? आणि तरीही हा देश टिकला कसा?

या बेटाचा मूळ रहिवासी कोण?

कुणीच नाही. हिंदी महासागरातल्या या सुमारे २ हजार चौरस किलोमीटरच्या बेटावर मूळची मानवी वस्तीच नव्हती. इथे राहत होता तो डोडो पक्षी, आणि तोही माणूस आल्यावर शंभरएक वर्षांत संपला.

१५९८ मध्ये डच आले. त्यांनी आपल्या राजपुत्राच्या, मॉरिट्सच्या नावावरून बेटाला नाव दिलं. १७१० मध्ये ते बेट सोडून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला. त्यांनी पोर्ट लुईस बंदर उभारलं आणि ऊस लावला. त्या मळ्यांत राबायला मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून गुलाम आणले.

१८१० मध्ये ब्रिटिशांनी बेट जिंकलं. इथे एक गोष्ट घडली, जिचा परिणाम आजही दिसतो. शरणागतीच्या अटींत ब्रिटिशांनी इथल्या रहिवाशांचा धर्म, कायदे आणि रीतिरिवाज तसेच ठेवायचं मान्य केलं. त्यामुळे सरकार इंग्रजांचं झालं, पण मळे, साखर कारखाने आणि पैसा फ्रेंच घराण्यांच्याच हातात राहिला. आजही मॉरिशसच्या संसदेचं कामकाज इंग्रजीत चालतं, वर्तमानपत्रं बहुतांशी फ्रेंच असतात आणि लोक घरात, बाजारात क्रिओल बोलतात, ते यामुळेच.

१ फेब्रुवारी १८३५ ला इथली गुलामगिरी कायद्याने संपली. नुकसानभरपाई मिळाली, पण ती मळेवाल्यांना. गुलामांच्या हातात काहीच पडलं नाही.

मग ऊस तोडणार कोण? उत्तर होतं, भारतातले मजूर.

'गिरमिट'वर अंगठा

नोव्हेंबर १८३४ मध्ये 'ॲटलस' हे जहाज ३६ भारतीय मजुरांना घेऊन पोर्ट लुईसला लागलं. पुढच्या आठ दशकांत सुमारे साडेचार लाख लोक असे आले. करारावर अंगठा लावून आलेले, म्हणजे 'ॲग्रीमेंट'चा अपभ्रंश होऊन झालेले 'गिरमिटिये'.

सर्वाधिक लोक आजच्या बिहार आणि उत्तर प्रदेशातले होते. ते कलकत्त्याहून निघाले. तमिळ आणि तेलुगू लोक मद्रासहून आले. मुंबई बंदरातून गेले त्यांत कोकणातल्या आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या मराठी कुटुंबांचा मोठा भरणा होता.

करार साधारण पाच वर्षांचा असायचा. कामावर एक दिवस गैरहजर राहिलं की दोन दिवसांचा पगार कापला जायचा. या पद्धतीला 'डबल कट' असंच नाव होतं. मळ्याबाहेर पडायचं तर खिशात परवाना लागायचा, नसेल तर पोलीस पकडायचे. हे मजूर ज्या ठिकाणी उतरवले जायचे तो आप्रवासी घाट २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

१९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून भारतात परतताना गांधीजी काही दिवस मॉरिशसमध्ये थांबले होते. मुलांना शिकवा आणि राजकारणात लक्ष घाला, हा त्यांचा इथल्या भारतीयांना सल्ला होता. १९०७ मध्ये बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर इथे आले. त्यांनी मजुरांचे खटले लढवले आणि 'हिंदुस्थानी' हे पत्र सुरू केलं. म्हणूनच गांधीजींच्या दांडी यात्रेची तारीख, १२ मार्च, पुढे मॉरिशसचा स्वातंत्र्यदिन म्हणून निवडली गेली.

सही करता आली तरच मत

१९३० च्या दशकापर्यंत मतदानाचा हक्क मूठभरांकडे होता. त्यासाठी मालमत्ता किंवा ठराविक उत्पन्न लागायचं.

१९३६ मध्ये डॉ. मॉरिस क्युरे यांनी मजूर पक्ष स्थापन केला. पुढच्याच वर्षी ऊसमळ्यांमध्ये असंतोष पेटला आणि गोळीबारात मजूर मेले. सप्टेंबर १९४३ मध्ये बेल व्ह्यू हारेल इथे पोलिसांनी पुन्हा गोळ्या झाडल्या. मेलेल्या चौघांमध्ये अंजले कुपेन ही गरोदर स्त्री होती. आज तिथलं स्टेडियम तिच्या नावाने ओळखलं जातं.

या दडपणातून १९४७ ची नवी राज्यघटना आली. त्यात मालमत्तेची अट गेली आणि साक्षरतेची आली. बेटावरच्या कोणत्याही एका प्रचलित भाषेत साधी वाक्यं लिहिता-वाचता आली की स्त्री-पुरुष दोघांनाही मत.

आता लढाई पाटीवर सुरू झाली. पंडित बासुदेव बिसुनदयाल यांच्या जनआंदोलनाचे कार्यकर्ते गावोगावच्या बैठकांमध्ये दिवसभर ऊस तोडून आलेल्या लोकांना अक्षरं गिरवायला लावायचे. मतदारांची संख्या सुमारे १२ हजारांवरून ७१ हजारांच्या पुढे गेली. १९४८ च्या निवडणुकीत गिरमिटियांच्या वंशजांनी पहिल्यांदाच विधिमंडळात मोठ्या संख्येने जागा मिळवल्या. १९५९ मध्ये साक्षरतेची अटही गेली आणि सर्व प्रौढांना मताचा हक्क मिळाला.

या सगळ्यातून पुढे आलेलं नेतृत्व म्हणजे डॉ. शिवसागर रामगुलाम. एका भारतीय मजुराचा मुलगा लंडनला जाऊन डॉक्टर झाला आणि १९६१ मध्ये वसाहतीचा मुख्यमंत्री झाला.

मग ४४ टक्के लोक घाबरले कशाला?

कारण 'एक माणूस, एक मत' याचा बेटावरचा अर्थ सगळ्यांसाठी सारखा नव्हता.

लोकसंख्येत हिंदू निम्म्याहून थोडे अधिक होते. गुलामांचे वंशज असलेले क्रिओल, फ्रेंच वंशाचे लोक, मुस्लीम आणि चिनी समाजातले अनेकजण विचारत होते, की इंग्रज गेल्यावर राज्य कुणाचं? आमचं की फक्त 'त्यांचं'? गाएतां द्युवाल यांच्या पक्षाने हीच भीती बोलून दाखवली. त्यांना पूर्ण स्वातंत्र्याऐवजी ब्रिटनशी जोडून राहणं हवं होतं.

१९६७ च्या निवडणुकीत स्वातंत्र्यवादी आघाडीला सुमारे ५५ टक्के मतं आणि ६२ पैकी ३९ जागा मिळाल्या. द्युवाल यांच्या पक्षाला २३. निकाल स्पष्ट होता, पण हरलेला गट लहान नव्हता. स्वातंत्र्याच्या आगेमागे अनेक कुटुंबं ऑस्ट्रेलियाला निघून गेली.

या भीतीवर घटनेतच एक उतारा ठेवला होता, 'बेस्ट लूजर' पद्धत. ६२ जागांवर थेट निवडणूक, आणि आणखी ८ जागा हरलेल्या उमेदवारांमधून भरायच्या. ज्या समुदायाला प्रतिनिधित्व कमी मिळालं असेल, त्यातल्या चांगली मतं मिळवणाऱ्याला संसदेत घ्यायचं.

या उताऱ्याची दुसरी बाजूही आहे. त्यासाठी उमेदवाराला आपला समुदाय जाहीर करावा लागायचा, आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०१२ मध्ये त्यावर बोट ठेवलं. शिवाय १९७२ नंतर जनगणनेत समुदाय विचारलाच जात नाही. म्हणजे हिशोब अजून १९७२ च्याच आकड्यांवर चालतो.

स्वातंत्र्याआधीच तोडलेली बेटं

आता या गोष्टीतला सर्वात कडवट भाग.

मॉरिशसपासून २ हजारांहून अधिक किलोमीटरवर चागोस द्वीपसमूह आहे. ब्रिटिश काळात त्याचा कारभार मॉरिशसमधूनच चालायचा. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेला हिंदी महासागरात लष्करी तळ हवा होता, आणि चागोसमधलं दिएगो गार्सिया त्यासाठी सोयीचं होतं.

सप्टेंबर १९६५ मध्ये लंडनला स्वातंत्र्याची बोलणी चालू असताना पंतप्रधान हॅरल्ड विल्सन आणि रामगुलाम यांची भेट झाली. स्वातंत्र्याची आशा आणि ते न मिळण्याची भीती, दोन्ही त्यांना दाखवावं, असं विल्सन यांच्यासाठीच्या सरकारी टिपणात सुचवलं होतं. रामगुलाम यांनी चागोस वेगळं करायला संमती दिली. ८ नोव्हेंबर १९६५ ला चागोस मॉरिशसपासून तोडलं गेलं. मोबदला ठरला ३० लाख पौंड.

वसाहतीचा तुकडा पाडू नका, असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबरमध्ये केला, पण तोवर उशीर झाला होता.

चागोसवर माणसं राहत होती. बहुतेक सगळी नारळाच्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांची वंशज. १९६८ ते १९७३ या काळात दीड ते दोन हजार लोकांना तिथून हटवलं. त्यांचे कुत्रेही मारून टाकले. बरेचजण पोर्ट लुईसच्या झोपडपट्ट्यांमध्ये येऊन पडले. ज्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी त्यांचं घर गेलं, त्या देशानेही कित्येक वर्षं त्यांच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

देश चालला कसा?

१९६१ च्या अहवालात अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी मॉरिशसच्या भविष्याबद्दल निराशाच व्यक्त केली होती. लोकसंख्या झपाट्याने वाढतेय, जमीन थोडी आणि निर्यात जवळपास सगळी साखरेची. मीड यांना पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, पण मॉरिशसबाबत त्यांचा अंदाज चुकला.

१९७० मध्ये निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा कायदा झाला आणि कपड्यांचे कारखाने आले. त्यांत बायकांना मोठ्या प्रमाणात रोजगार मिळाला. १९७५ च्या लोमे करारामुळे युरोपात साखरेला हमीभाव मिळाला. पर्यटन वाढलं. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झालं. पुढे वित्तीय सेवा आल्या. १९८२ च्या भारत-मॉरिशस करारामुळे भारतात येणाऱ्या परकीय गुंतवणुकीचा 'मॉरिशस मार्ग' तयार झाला. कर चुकवायला त्याचा वापर होतो, अशी टीका झाली आणि २०१६ मध्ये तो करार बदलला गेला. देशाकडे स्वतंत्र सैन्य नाही, त्यामुळे तो खर्चही नाही.

सगळं सरळ झालं असंही नाही. १९७१ च्या संपांनंतर रामगुलाम सरकारने आणीबाणी लावली आणि निवडणूक १९७६ पर्यंत लांबवली. पण १९८२ मध्ये मुख्य बेटावरच्या सगळ्या ६० जागा विरोधकांनी जिंकल्या आणि रामगुलाम शांतपणे पायउतार झाले. मतपेटीतून सरकार बदलतं, हे लोकांनी पाहिलं. १९६७ मध्ये ज्यांना कायमच्या बहुमताची भीती होती, त्यांच्यासाठी हा निकाल महत्त्वाचा होता. द्युवाल स्वतःही त्याआधी आणि नंतर सरकारांत मंत्री होते.

बाकी काय राहिलं?

१९६८ नंतरही इंग्लंडची राणीच राष्ट्रप्रमुख होती. १२ मार्च १९९२ ला मॉरिशस प्रजासत्ताक झालं. शेवटचं अपील मात्र आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जातं.

चागोसचं प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. २५ फेब्रुवारी २०१९ ला न्यायालयाने १३ विरुद्ध १ अशा बहुमताने मत दिलं, की चागोस तोडणं बेकायदा होतं, त्यामुळे मॉरिशसची वसाहतमुक्ती पूर्णच झालेली नाही आणि ब्रिटनने तिथून लवकरात लवकर निघावं. हे मत बंधनकारक नव्हतं. त्याच वर्षी आमसभेत ११६ देशांनी मॉरिशसची बाजू घेतली, त्यांत भारतही होता.

२२ मे २०२५ ला ब्रिटन आणि मॉरिशसने करारावर सह्या केल्या. त्यानुसार चागोसचं सार्वभौमत्व मॉरिशसकडे द्यायचं आणि दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षांसाठी ब्रिटनकडे ठेवायचा. करार अमलात येण्यासाठी दोन्हीकडची मंजुरी लागते.

या करारात चागोसवासीयांना इतर बेटांवर वसवण्याची तरतूद आहे, पण दिएगो गार्सियावर नाही. त्यांच्यातल्या काहींना करार मान्य आहे. आम्हाला न विचारता पुन्हा एकदा आमच्या घराचा निर्णय झाला, असं इतर अनेकजण म्हणतात.

आज मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. तशीच चिनी नववर्षाला, ईदला, ख्रिसमसला आणि १ फेब्रुवारीलाही, गुलामगिरी संपल्याच्या स्मरणार्थ. शाळांमध्ये मराठीही शिकता येते. १९६७ मध्ये एकमेकांना घाबरणाऱ्या समाजांनी एवढं तरी जमवून आणलं. ज्यांना त्या वेळी मतही विचारलं गेलं नाही, त्या चागोसवासीयांचा प्रश्न मात्र तसाच आहे.