नकाशातला रंग

अशोकाच्या साम्राज्याचा नकाशा वर्गात टांगला की आम्ही त्यावर आजचे देश मोजतो. कंदाहारचा ग्रीक-अरामी लेख अफगाणिस्तानात, शाहबाजगढी व मानसेहरा पाकिस्तानात, सोपारा आणि धौली भारतात. ‘म्हणजे ते सारे आपलेच,’ असे कोणीतरी म्हणतेच.

हे बरोबर नाही. ड्युरँड (१८९३) आणि रॅडक्लिफ (१९४७) या रेषा इंग्रजी अमलात आखल्या गेल्या. अशोकाची अशी रेषा सापडलेली नाही. सापडले ते शिलालेख, म्हणजे ठिपके. चोळ, पांड्य आपल्या राज्याबाहेरचे, हे तो स्वतःच नोंदवतो. मधला सलग रंग आपण भरलेला.

या रंगाखाली माणसे झाकली जातात. तेराव्या शिलालेखातला कलिंगाबद्दलचा पश्चात्ताप आपण अभिमानाने सांगतो. त्याच लेखात राज्यातल्या अटवीला, म्हणजे रानातल्या लोकांना, ताकीद आहे: पश्चात्ताप झाला तरी राजाचे बळ कायम आहे, वागणे सुधारा, नाहीतर मारले जाल. अशोक आम्हा बौद्धांना जवळचा, म्हणून हे गाळायचे काय?

यंदा मी मुलांकडून नुसते ठिपके काढून घेतले. अटवीचा ठिपका कुठे काढू, असे एका मुलीने विचारले.