वर्धेपलीकडचा आयसिसॉरस

१/
यवतमाळ जिल्ह्यातील वणीच्या पूर्वेस वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा परिसर लागतो. येथील डोंगरगावच्या टेकडीत १९८४ ते १९८६ या काळात लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरांच्या कुळातील एक अर्धवट सांगाडा सापडला. त्याच्या नावाचा इतिहास मात्र जबलपूरपासून सुरू होतो.

२/
१८२८ साली जबलपूरजवळ कॅप्टन स्लीमन यांना काही अश्मीभूत हाडे मिळाली. १८७७ मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी मोजक्या हाडांवरून ‘टायटनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. शेपटीचे मणके पुढून खोलगट व मागून गोलाकार, हे त्याचे वैशिष्ट्य मानले गेले.

३/
पुढे असेच मणके जगभर अनेक जातींत आढळले. जी खूण एकाची समजली गेली, ती साऱ्या गोतावळ्याची निघाली.

४/
डोंगरगावच्या प्राण्याला सोहनलाल जैन व शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये ‘टायटनोसॉरस कोलबर्टी’ म्हटले. २००३ मध्ये विल्सन आणि अपचर्च यांनी ‘टायटनोसॉरस’ हे नाव अग्राह्य ठरवले. डोंगरगावचा प्राणी मात्र वेगळा ओळखता येत होता. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या ‘आयएसआय’ या आद्याक्षरांवरून तो ‘आयसिसॉरस’ झाला.

५/
कवटी नाही, मागचे पाय नाहीत. तरी मान, पाठ व शेपटीचे मणके, खांद्याची व कमरेची हाडे आणि पुढच्या पायाचे हाड एकाच प्राण्याचे होते. त्यावरून कुळाच्या मानाने आखूड मान आणि लांब पुढचे पाय असे रूप उभे राहिले.

६/
जवळच्या पिसदुऱ्यात अश्मीभूत विष्ठा विपुल सापडते. तीत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण असल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. डायनासोरांच्या काळी गवत नव्हते, हा प्रचलित समज त्याने मोडला. ही विष्ठा आयसिसॉरसच्याच गोतातील प्राण्यांची मानली जाते.

७/
ही हाडे ज्या लामेटा थरांत आहेत, त्यांवर नंतर दख्खनचा लाव्हा पसरला. यवतमाळचा बहुतेक भाग त्याच काळ्या पाषाणाखाली आहे. वणीकडे हे आवरण संपत जाते आणि जुने खडक उघडे पडतात.

८/
म्हणूनच या भागात शेतात किंवा नाल्यात हाडासारखा दगड दिसला, तर तो उचलून घरी नेऊ नये; जागेवरच ठेवून जाणकारांना कळवावे. सुटे हाड नावापुरते उरते. कोणत्या थरात, कोणत्या हाडाशेजारी ते होते, हे कळले तरच त्याचा प्राणी होतो.