ओळख पटली, दरवाजा उघडेना

रायगडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडी आहे. १९९६ साली रोपवे झाला तेव्हापासून गडावर जाणारी मंडळी तिला ‘खालचे स्टेशन’ एवढ्याच नावाने ओळखतात. पाळण्यात बसून चार-पाच मिनिटांत वर पोहोचणाऱ्या माणसाला या वाडीचे नाव जिच्यावरून पडले ती बाई खाली कशी आली असेल याचा विचार करायला सवडच मिळत नाही. गोष्ट घरोघरी ठाऊक आहे. हिरकणी गवळण दूध घेऊन गडावर गेली, सूर्यास्ताला दरवाजे बंद झाले, घरी तान्हे मूल होते, आणि ती काळोखात कडा उतरून आली. महाराजांनी तो कडा पाहून तिथे बुरूज बांधविला. लोकपरंपरेने ही गोष्ट जपली आहे. तिला कागदाचा आधार मागू नये आणि तिचे मोलही त्यामुळे कमी मानू नये.

मी लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आलो, पुढे गुरुजी झाल्यावर वर्गात सांगत आलो. पण तिच्यातली एक खोच गेल्या आषाढापर्यंत माझ्या ध्यानात आली नव्हती. महादरवाज्यावरचे पहारेकरी हिरकणीला ओळखत होते! रोज दूध घालणारी बाई ती. ‘तू कोण?’ असे तिला कोणी विचारले नसणार. तिची ओळख पुरेपूर पटली होती. तरी दरवाजा उघडला नाही. ओळख ही एक गोष्ट आणि मुभा ही दुसरी, हा भेद तिने त्या संध्याकाळी शिकला. मी तो शिकलो वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, शाळेच्या संगणकापुढे.

झाले असे. आमच्या भागातल्या अठरा मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे होते आणि मुदतीचा शेवटचा दिवस होता. शाळेने एका खाजगी कंपनीची आज्ञावली घेतलेली आहे. तीत मुलांची नावे भरली, की ती आपली आपण दूरच्या मोठ्या यंत्राशी बोलून अर्ज तिकडे पोहोचविते. या यंत्रायंत्रांच्या बोलण्याच्या ठरलेल्या खिडकीला ‘वेब एपीआय’ म्हणतात. पोस्टातली खिडकी जशी. अमुक नमुना, अमुक रकाना, अमुक सही, आणि मग आतून पावती. फरक इतकाच, की या खिडकीपलीकडे ‘गुरुजी, बसा’ म्हणणारे कोणी नसते. त्या दिवशी बाहेर मुसळधार पाऊस, वीज दोनदा जाऊन आलेली, आणि पडद्यावर एकच ओळ: जोडणी नाकारली.

मी मॅट्रिकपुढे शिकलो नाही. कादंबऱ्या लिहिल्या म्हणून यंत्र ऐकत नाही. मी पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. तो म्हणाला, “गुरुजी, आधी संगणकावरची तारीख बघा.” पाहतो तर २००९ साल! यंत्राच्या पोटात बटणाएवढी एक बॅटरी असते. ती मेली की वीज गेल्याबरोबर यंत्राला कालचा दिवस आठवत नाही. पलीकडचे यंत्र आपली खरी ओळख म्हणून जे प्रमाणपत्र पुढे करते, त्यावर ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत’ असे लिहिलेले असते. माझ्या २००९ सालातल्या संगणकाच्या हिशेबाने ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आले नव्हते. त्याने प्रामाणिकपणे ते खोटे ठरविले.

वेळेचा हा घोळ फार जुना आहे. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात १९८० नंतरच्या दशकात ‘कर्बेरॉस’ नावाची ओळख पटविण्याची पद्धत निघाली. ग्रीक पुराणात पाताळाच्या दारावर बसणारा तीन डोक्यांचा कुत्रा आहे, त्याचे हे नाव. या कुत्र्याला दोन यंत्रांच्या घड्याळांत साधारण पाच मिनिटांपर्यंतचा फरक चालतो. पुढे तो भुंकतो. आणि सूर्यास्ताचा तरी नेम काय? आमच्याकडे खाली सूर्य लवकर डोंगराआड जातो, वाडीत दिवे लागतात, तेव्हा गडावर अजून ऊन रेंगाळत असते. एकाच मुलखात दोन संध्याकाळी होतात.

तारीख सुधारली. आता निराळे उत्तर आले: ४०१. हे आकडे म्हणजे दरवानाची सांकेतिक भाषा. चारशेच्या घरातला आकडा आला तर चूक मागणाऱ्याची, पाचशेच्या घरातला आला तर देणाऱ्याची. पाचशे आले की आपण आपले दार-खिडक्या तपासत बसू नये, चहा प्यावा आणि थोड्या वेळाने पुन्हा पाहावे. ४०४ म्हणजे असा पत्ताच येथे नाही. ४०१ म्हणजे ‘तू कोण, खूण दाखव.’ ज्यांनी हे आकडे ठरविले त्यांनी ४०१ ला जे नाव दिले त्याचा अर्थ ‘अधिकार नाही’ असा होतो, आणि खरा अर्थ ‘ओळख पटली नाही’ असा आहे. त्या नावाने किती जणांची दिशाभूल केली असेल कोण जाणे. मात्र एक नियम त्यांनी चांगला केला. ४०१ देणाऱ्याने नुसते ‘नाही’ म्हणायचे नाही, कोणत्या प्रकारची खूण हवी तेही सोबत कळवायचे.

खूण म्हटली की आमच्या मनात शिवकाळातले कागद येतात. त्या पत्रांवर माथ्याशी मुख्य मुद्रा असे, आणि मजकूर जिथे संपे तिथे लहानशी मर्यादेची मुद्रा, म्हणजे मोर्तब. ‘येथे मजकुराची सीमा’ असा तिचा भाव. माथ्याच्या मुद्रेने पत्र कोणाचे ते कळे. शेवटच्या मुद्रेने त्याखाली कोणाला एक ओळही वाढविता येत नसे. आजची यंत्रे एकमेकांस जो निरोप धाडतात त्यावर हीच दोन कामे करणारी सही असते. गणिताची असते एवढेच. मजकुरात एक काना इकडचा तिकडे झाला की सही जुळत नाही.

गडाच्या कारभारातही हीच सावधगिरी होती. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ साली जिंजीस लिहिलेल्या बखरीत किल्ल्यावरच्या हवालदार, सबनीस, सरनोबत या सारख्या मानाच्या अधिकाऱ्यांची व्यवस्था सांगितली आहे. कोणा एकाच्या मुठीत गड जाऊ नये हा त्यातला हेतू. उलट बाजूने पाहा. १६६६ साली आग्र्यास अडकलेल्या महाराजांनी आपल्या माणसांना दक्षिणेत परत धाडण्यासाठी बादशहाकडून दस्तके मिळविली होती. परवाने अस्सल, शिक्का अस्सल. देणाऱ्याला त्यामागचा बेत तेवढा ठाऊक नव्हता. आणि पेटाऱ्यांची गोष्ट तर पोराटोरांना पाठ आहे. पहिले काही दिवस पहारेकरी झाकण उघडून पाहत, मग पाहीनासे झाले. एकदा तपासलेले कायमचे तपासलेले, असे दरवानाने धरले की काय होते ते औरंगजेबाला विचारावे.

आणि तोतया! १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी ते मानले नाही. पुढे भाऊंचे नाव सांगणारा एक कनोजी ब्राह्मण प्रकटला. माधवराव पेशव्यांच्या काळात त्याची चौकशी होऊन तो कैदेत पडला. तिथेच प्रकरण संपावे. पण १७७६ साली रत्नागिरीच्या किल्लेदाराने, रामचंद्र नाईक परांजप्याने, त्याला सोडविले आणि बघता बघता कोकणातले किल्ले त्याच्या नावे होऊ लागले. म्हणजे एका दरवाज्याने खोटी ओळख मानली आणि पुढच्या दरवाज्यांनी पहिल्या दरवाज्याच्या भरवशावर मानली. शेवटी रघूजी आंग्र्यांनी त्याला पकडले, पुण्यात पुन्हा चौकशी झाली आणि त्याच साली डिसेंबरात त्याला देहान्त शिक्षा मिळाली. न. चिं. केळकरांचे ‘तोतयाचे बंड’ हे नाटक यावरचेच.

संगणकाच्या जगात पासवर्ड आला तो १९६० नंतरच्या दशकात, त्याच एमआयटीत. एकाच मोठ्या यंत्रावर अनेकजण काम करीत. ज्याची त्याची कागदपत्रे वेगळी राहावीत म्हणून फर्नांडो कॉर्बातो यांच्या मंडळींनी प्रत्येकाला गुप्त शब्द दिला. आणि त्याच दशकात एके दिवशी यंत्रापुढे बसणाऱ्या प्रत्येकाला रोजच्या सूचनेऐवजी सगळ्यांच्या गुप्त शब्दांची यादीच छापून मिळाली! दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन कागद दुरुस्त करीत होते; दोघांच्या कच्च्या प्रतीला यंत्राने एकच नाव दिले; कागदांची अदलाबदल झाली. कोणी कुलूप फोडले नव्हते.

पुढे १९९६ च्या सुमारास वेबवर नाव आणि पासवर्ड प्रत्येक निरोपाबरोबर धाडण्याची साधी रीत रूढ झाली. तीत भय असे, की आपल्या वतीने काम करणाऱ्या तिसऱ्यालाही आपला पासवर्ड द्यावा लागे. बाजारातून गूळ आणायला पाठविलेल्या गड्याला तिजोरीची किल्ली द्यावी तसे. त्यावर २००७ साली ‘ओऑथ’ निघाले आणि २०१२ साली त्याची दुसरी आवृत्ती. किल्ली द्यायची नाही. अमुक कामापुरती, अमुक मुदतीची चिठ्ठी द्यायची. तिला टोकन म्हणतात. ही चिठ्ठी दाखवील त्यास पैसे मिळणाऱ्या हुंडीसारखी असते; हरवली की सापडणाऱ्याची. म्हणून तिची मुदत थोडी ठेवतात आणि चारचौघांत ती टाकू नये असे सांगतात. तरी पुष्कळ शहाणी माणसे ती आज्ञावलीच्या मजकुरातच लिहून जगापुढे मांडतात. उंबऱ्याखाली किल्ली ठेवून उंबऱ्यावर ‘किल्ली खाली आहे’ असे लिहावे तशी गत.

आमच्या चिठ्ठीची मुदत संपली होती. कंपनीने नवी धाडली होती. मी ती निरोपातून उचलून रकान्यात ठेवली. पुन्हा ४०१. विद्यार्थी म्हणाला, “गुरुजी, शेवटी एखादी मोकळी जागा आली असेल.” खरेच आली होती. माणसाला न दिसणारी एक रिकामी जागा यंत्राला स्पष्ट दिसते. ती पुसली आणि आकडा बदलला: ४०३.

“आता तुम्हाला ओळखले त्याने,” तो म्हणाला, “पण अर्ज भरायची मुभा नाही, नुसते पाहायची आहे.” मला हिरकणी आठवली ती इथे. ४०१ असता तर आणखी चांगली खूण शोधली असती. ४०३ ला दहा वेळा तोच पासवर्ड घालून उपयोग नाही. आतल्या माणसाने नोंदवहीत बदल केला तरच दार उघडते. आणि संध्याकाळचे साडेसहा झाले होते.

मुभेच्या नोंदीची आणखी एक कहाणी आमच्या तालुक्याच्या गावची आहे. ती या यंत्रांच्या तक्रारीपुढे फार मोठी आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात १९२३ साली झाला, आणि महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तो मान्य केला. नोंद झाली, तळ्यावर मात्र कोणी फिरकू देईना. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले, ते पाणी प्याले, आणि त्यानंतर झालेली मारहाण व दिवाणी दावा यांतून १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत दहा वर्षे गेली. वहीत एक, दारात एक. मी दर वर्षी मुलांना त्या तळ्यावर नेतो.

आपल्या काळातली ओळखीची सर्वांत मोठी नोंदवहीही महाराष्ट्रातच उघडली. नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० ला पहिले आधार क्रमांक दिले गेले. रेशन दुकानातल्या यंत्रावर बोट ठेवले की दूरच्या यंत्राला प्रश्न जातो आणि आकड्यात उत्तर येते. ३०० म्हणजे ठसा जुळला नाही. ५६१ म्हणजे विचारणा शिळी झाली, ५६२ म्हणजे दुकानातले घड्याळ पुढे धावते आहे. ५६५ म्हणजे विचारणाऱ्या संस्थेचाच परवाना संपला. बोट ठेवणाऱ्या म्हातारीच्या दृष्टीने सगळे सारखेच, धान्य नाही. पण यांतला ३०० तेवढा तिच्या बोटांशी संबंधित, आणि तोही आवणीच्या चिखलात आणि जात्याच्या खुंट्यावर आयुष्य काढलेल्या बोटांचा. बाकीच्यांत तिचा काय संबंध? ठसा जुळत नाही म्हणून कोणाचे धान्य अडवू नये, दुसऱ्या मार्गाने ओळख पटवावी, अशी सूचना आधार प्राधिकरणाने २०१७ सालीच काढली आहे. म्हणून आकडा वाचता आला पाहिजे. मी आता सातवीच्या मुलांना हे चार आकडे फळ्यावर लिहून देतो. ती आजीबरोबर दुकानात जातात.

त्या रात्री काय झाले? माझा विद्यार्थी फोन फिरवीत राहिला. साडेनऊला कोणा एका बाईंनी, आपल्या घरून, स्वयंपाक आवरून, नोंदवहीत आमच्या शाळेपुढची एक खूण बदलली. त्यांचे नाव मला आजतागायत कळले नाही. पावणेबाराला सतरा अर्ज गेले. अठरावा अडला. त्या मुलीचे नाव शाळेच्या वहीत ऱ्हस्व आणि दुसऱ्या वहीत दीर्घ होते.

दुरुस्तीला दुसरा एक दिवस होता. सकाळच्या एस.टी.ने मी, ती मुलगी आणि तिची आई अशी तिघे महाडला गेलो. शाळेच्या कागदावर ‘ही दोन्ही नावे एकाच विद्यार्थिनीची’ असे लिहून मी सही केली होती, खाली गोल शिक्का मारला होता. कचेरीतल्या वृद्ध कारकुनांनी चष्मा वर करून कागद उजेडाकडे धरला. पावसाने शाई ओलावून शिक्का पुसट उठला होता. ते काही बोलले नाहीत. टेबलाच्या खणातून त्यांनी शाईची गादी काढली आणि माझ्यापुढे सरकवली.