अलॉटमेंट बागेतील अवजारे

अलॉटमेंट म्हणजे ब्रिटनमध्ये स्थानिक स्वराज्य संस्थेकडून किंवा खासगी जमीनमालकाकडून भाड्याने मिळणारा, मुख्यतः घरच्यापुरता भाजीपाला व फळे पिकविण्यासाठीचा जमिनीचा तुकडा होय. अशा तुकड्यावर प्रथमच लागवड करणाऱ्यास मोजकीच अवजारे लागतात. खणणे, तण काढणे, माती सारखी करणे, रोपे लावणे, पाणी घालणे व छाटणी ही येथील प्रमुख कामे असून, त्या प्रत्येकासाठी एखाददुसरे हातअवजार पुरेसे ठरते.

पार्श्वभूमी

इंग्लंड व वेल्समध्ये १९०८ च्या स्मॉल होल्डिंग्ज अँड अलॉटमेंट्स कायद्याने, मागणी असल्यास असे तुकडे उपलब्ध करून देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. पारंपरिक तुकडा १० चौरस रॉडचा, म्हणजे सुमारे २५० चौरस मीटरचा असतो. महाराष्ट्रातील परिचित मापात हे क्षेत्र अडीच गुंठे होते. अनेक शहरांत तुकडा मिळण्यासाठी दीर्घकाळ वाट पाहावी लागते. मिळालेली जमीन पडीक ठेवल्यास भाडेकरारानुसार सूचना देऊन ती परत घेतली जाऊ शकते. त्यामुळे पहिल्या हंगामातच तण आटोक्यात आणणे नवख्या बागकऱ्यास आवश्यक असते आणि अवजारांची निवडही त्याच दृष्टीने केली जाते.

प्रमुख अवजारे

स्पेड: सपाट पात्याचे, पायाने दाब देऊन जमिनीत घुसविण्याचे फावडे. खणणे, चर काढणे व वाफ्याच्या कडा कापणे यांसाठी ते वापरतात. लहान पात्याचा ‘बॉर्डर स्पेड’ वजनाला हलका असतो.

फोर्क: चार मजबूत दात्यांचा काटा. चिकणमातीत पात्यापेक्षा दाते सहज शिरतात. बटाटे काढणे व खत पसरणे ही कामेही त्याने होतात. काउच ग्रास या गवताची भूमिगत खोडे हरळीप्रमाणे जमिनीत पसरतात. स्पेडने किंवा यंत्राने त्यांचे तुकडे झाल्यास प्रत्येक तुकड्यातून नवे गवत फुटू शकते. फोर्कने माती सैल करून ती शक्य तितकी अखंड उपटता येतात. म्हणून तणग्रस्त तुकड्यावर फोर्कचे महत्त्व अधिक असते.

हो: लांब दांड्याचे तण काढण्याचे अवजार. ‘डच हो’ पुढे ढकलून वापरतात. त्याचे पाते कोळप्याच्या पाशीप्रमाणे मातीच्या पृष्ठभागालगत सरकून कोवळे तण कापते. कोरड्या, उन्हाच्या दिवशी हे काम केल्यास कापलेले तण जागीच सुकते. ‘ड्रॉ हो’ स्वतःकडे ओढून वापरतात. बियांसाठी सरी पाडणे व बटाट्यांना मातीची भर देणे यांसाठी तो सोयीचा असतो.

रेक: दंताळे. ढेकळे फोडून व खडे बाजूला सारून पेरणीसाठी माती भुसभुशीत व सपाट करण्यास उपयोगी.

ट्रॉवेल: रोपे लावण्यासाठी लागणारे, हातात मावणारे लहान फावडे.

सिकेटर: छाटणीची कात्री. एकमेकांशेजारून सरकणारी पाती असलेला ‘बायपास’ प्रकार ओल्या फांद्यांसाठी, तर एक पाते सपाट पट्टीवर टेकणारा ‘अ‍ॅन्व्हिल’ प्रकार वाळलेल्या फांद्यांसाठी वापरतात.

झारी: बारीक छिद्रांचे तोंड असलेली झारी रोपांना इजा न करता पाणी देते. नऊ लिटर पाण्याचेच वजन नऊ किलो भरत असल्याने दूरवरून पाणी आणावे लागल्यास लहान झाऱ्या सोयीच्या पडतात.

माती व खत वाहण्यासाठी एकचाकी हातगाडी आणि ओळी सरळ आखण्यासाठी दोन खुंट्या व दोरी यांचाही उपयोग होतो.

भारतीय अवजारांशी तुलना

महाराष्ट्रात कुदळ उचलून जमिनीवर मारतात. स्पेड मात्र पायाच्या दाबाने चालतो. खुरपणी बसून केली जाते, तर ‘हो’ने उभ्यानेच तण काढता येते. त्यामुळे ब्रिटिश अवजारे घेताना दांड्याची लांबी वापरणाऱ्याच्या उंचीला साजेशी आहे का, हे पाहणे महत्त्वाचे ठरते. दांडा आखूड असल्यास सतत वाकून कंबरेवर ताण येतो.

निवड व वापर

सर्व अवजारे एकदम घेणे आवश्यक नसते. फोर्क, हो, ट्रॉवेल व झारी एवढ्यावर प्रारंभ करता येतो. जुनी पण सुस्थितीतील अवजारे घेतल्यास खर्च कमी होतो. मात्र पाते व दांडा यांचा सांधा पक्का असल्याची खात्री करावी लागते. संपूर्ण तुकडा एकाच वेळी खणण्याऐवजी काही भाग लागवडीखाली आणून उरलेला जाड पुठ्ठ्याने किंवा अपारदर्शक आच्छादनाने झाकल्यास, प्रकाशाअभावी तणांची वाढ खुंटते. चिखल झालेली जमीन खणल्यास माती दबून घट्ट होते. म्हणून वाफसा येईपर्यंत थांबणे हितावह असते.

देखभाल व सुरक्षितता

वापरानंतर माती खरवडून अवजारे कोरडी ठेवल्यास गंज टळतो. पोलादी पात्यांना तेलाचा हात द्यावा व लाकडी दांड्यांना जवसाचे तेल चोळावे. ‘हो’ व सिकेटर यांना वेळोवेळी धार लावावी लागते. बोथट अवजारास अधिक जोर लागतो व ते निसटून इजा होण्याचा संभव वाढतो. रेक जमिनीवर दाते वर करून ठेवू नये. त्यावर पाय पडल्यास दांडा उसळून तोंडावर आदळतो. मातीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात. त्यामुळे हातमोजे, भक्कम बूट आणि धनुर्वातप्रतिबंधक लस यांचे महत्त्व अवजारांइतकेच आहे.