चैत्र-वैशाखातील यात्रा आणि तमाशा : नारायणगावच्या संदर्भात

प्रस्तुत टिपणात पुणे जिल्ह्यातील नारायणगाव (ता. जुन्नर) येथील तमाशा-व्यवहाराचा विचार केला आहे. रब्बीची सुगी आटोपली की पश्चिम महाराष्ट्रात ग्रामदैवतांच्या यात्रा सुरू होतात. शेतकऱ्याच्या हाती थोडाफार पैसा असतो, मुंबई-पुण्यास गेलेली माणसे गावी परततात आणि उघड्यावर रात्र जागविण्यास पावसाची आडकाठी नसते.

गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या नारायणगावात लागतात. गावोगावचे पंच तेथे येऊन सुपारी ठरवितात. एरवी तंबू ठोकून तिकिटावर खेळ करणारा फड यात्रेत गावाच्या वर्गणीवर उभा राहतो. रात्री गण, गवळण, बतावणी, वग आणि दुसऱ्या दिवशी हजेरी. तमाशाला नाके मुरडणाऱ्या अभ्यासकांनी हा ग्रामदैवताशी असलेला संबंध पुरेसा लक्षात घेतलेला नाही.

या व्यवहाराचे मर्म मात्र 'उचल' या शब्दात आहे. कलावंतांना हंगामापूर्वी आगाऊ रक्कम द्यावी लागते. फडमालक ती बहुधा कर्ज काढून देतो आणि यात्रांच्या सुपाऱ्यांतून फेडतो. म्हणजे वर्षभराचा हिशेब या थोड्या आठवड्यांवर अवलंबून. २०२० व २०२१ मध्ये करोनामुळे यात्रा रद्द झाल्या, तेव्हा सुपाऱ्या बुडाल्या. उचल मात्र आधीच वाटली गेली होती.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव लाभला, तरी त्यांची अखेरची वर्षे हलाखीत गेली. २००२ मध्ये त्या निवर्तल्या. राज्य शासनाचा तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार त्यांच्याच नावाने दिला जातो.