इंधनाआधी साल विचारावे

बंगळुरूच्या आडुगोडी भागात १९५० च्या दशकात एक कारखाना उभा राहिला. जर्मनीच्या बॉश कंपनीच्या सहकार्याने १९५१ मध्ये स्थापन झालेल्या ‘मोटार इंडस्ट्रीज कंपनी’चा हा कारखाना शहराला ‘मायको’ या आद्याक्षरांनीच परिचित होता. २००८ मध्ये कंपनीचे नाव बॉश लिमिटेड झाले, तरी ‘मायको लेआउट’ हे वस्तीचे नाव टिकून आहे. या कारखान्याची ओळख दोन वस्तूंनी घडली. एक स्पार्क प्लग आणि दुसरी डिझेलचा इंधनपंप. पहिलीवाचून पेट्रोलचे इंजिन पेटत नाही, दुसरीवाचून डिझेलचे चालत नाही. दोन्ही पंथांची सामग्री एकाच शहरात तयार होत होती.

त्याच शहरात आज एखादा तरुण अभियंता दोन-तीन वर्षांची बचत घेऊन जुनी फोर-व्हील ड्राइव्ह शोधायला निघतो. सकलेशपूरच्या कॉफीच्या मळ्यापर्यंत जाईल, चिखलात अडणार नाही, अशी गाडी त्याला हवी असते. पेट्रोल घ्यावी की डिझेल, या प्रश्नावर त्याला ठिकठिकाणी तीच तीन उत्तरे ऐकू येतात : ताकद डिझेलमध्ये, बचत डिझेलमध्ये आणि टिकाऊपणाही डिझेलमध्येच. ही उत्तरे खोटी नाहीत. मात्र प्रत्येक उत्तराला एक जन्मसाल आहे आणि काहींचा काळ संपून गेला आहे. जुनी गाडी घेणारा माणूस नुसते इंधन निवडत नाही, तो एक विशिष्ट काळ विकत घेत असतो.

आधी भौतिकशास्त्र. निकोलाउस ऑटो यांचे चार फेऱ्यांचे इंजिन १८७६ चे. त्यात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाते व ठिणगीने पेटवले जाते. हे मिश्रण फार दाबले तर ते ठिणगीआधीच किंवा वेडेवाकडे पेटते आणि इंजिन ठोके देऊ लागते. म्हणून पेट्रोल इंजिनाच्या संपीडन गुणोत्तराला मर्यादा पडते. रुडॉल्फ डिझेल यांनी वेगळा मार्ग धरला. आधी केवळ हवा दाबायची, इतकी की ती तापून लाल व्हावी, आणि मग तिच्यात इंधन फवारायचे. गुणोत्तर २० असेल, तर आदर्श गणिताने हवेचे तापमान ७०० अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचते. प्रत्यक्षात ते बरेच कमी असते, तरी डिझेल आपोआप पेटायला पुरेसे. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी ऑग्सबर्ग येथे प्राध्यापक मोरित्झ श्रोटर यांनी या इंजिनाची चाचणी घेतली, तेव्हा त्याची कार्यक्षमता २६.२ टक्के भरली.

डिझेलच्या काटकसरीची कारणे तीन. संपीडन अधिक असल्याने उष्णतेचे कामात रूपांतर अधिक होते. पेट्रोल इंजिनात वेग कमी करण्यासाठी हवेची वाट अरुंद करावी लागते आणि त्या अरुंद वाटेतून हवा ओढण्यात शक्ती वाया जाते. डिझेलमध्ये केवळ इंधन कमी केले की पुरते, म्हणून संथ रहदारीत हा भेद अधिक जाणवतो. तिसरे कारण पंपावरच्या मापाचे आहे : एका लिटर डिझेलमध्ये एका लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे दहा टक्के अधिक ऊर्जा असते. ही तिन्ही कारणे आजही तितकीच खरी आहेत.

मग जीपचा जन्म पेट्रोलवर का झाला? दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीपला हलके, चटकन सुरू होणारे इंजिन हवे होते. प्रचंड दाब सोसण्यासाठी त्या काळचे डिझेल इंजिन जड बनवावे लागे. विलिसच्या २.२ लिटरच्या पेट्रोल इंजिनाचे संपीडन गुणोत्तर अवघे ६.५ होते, ते ६० अश्वशक्ती आणि सुमारे १४२ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, देत असे. स्वातंत्र्यानंतर थोड्याच काळात महिंद्रांनी मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली, तीही पेट्रोलचीच. कोडगू आणि चिक्कमगळूरूच्या मळ्यांत जीप पोहोचली, तेव्हा तिच्यात ठिणगीचेच इंजिन होते.

ऑक्टोबर १९७३ नंतर काही महिन्यांतच कच्च्या तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. भारतात इंधनाचे दर सरकार ठरवत असे. पेट्रोल हे मोटार बाळगणाऱ्या सधनांचे इंधन मानून त्यावर करांचा भार टाकला गेला. डिझेल हे मालट्रक, एसटी आणि शेतीपंपाचे म्हणून स्वस्त ठेवले गेले. धोरणामागील हेतू रास्त होता. पण टाकीचे झाकण उघडताना डिझेल कोणाच्या गाडीत जाते, हे दरपत्रक विचारत नाही. गावोगावच्या गॅरेजांत पेट्रोलची इंजिने उतरवून डिझेलची बसवली जाऊ लागली. महिंद्रांनी ट्रॅक्टरच्या वंशातले डिझेल इंजिन जीपमध्ये आणले आणि पुढे फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी करार केला. नाशिक जिल्ह्यात, कसारा घाटाच्या माथ्यावरील इगतपुरी येथे १९८० च्या दशकाच्या आरंभी ही इंजिने तयार होऊ लागली. त्याच जिल्ह्यात, नाशिक शहरात, मायकोचा दुसरा कारखाना त्याआधीच उभा राहिला होता आणि डिझेलची नोझले बनवत होता. घाटाखालच्या मुंबईत जन्मलेली भारतीय जीप घाटावर येऊन डिझेलची झाली, असे म्हणता येईल.

येथे पहिल्या उत्तराची, ‘ताकदी’ची, तपासणी होते. प्यूजोचे ते इंजिन २,११२ घन सेंटिमीटरचे होते. ते सुमारे ६२ अश्वशक्ती आणि १२१ न्यूटन-मीटर टॉर्क देई. आकार जवळजवळ तोच, पण जोर विलिसच्या पेट्रोल इंजिनाहून कमीच. म्हणजे त्या पिढीत डिझेल जिंकले ते ताकदीवर नव्हे, तर खर्चावर. त्याला दोन खरे गुण मात्र होते. त्याचा जोर कमी फेऱ्यांवरच मिळे, त्यामुळे चिखलातून सावकाश बाहेर पडताना इंजिन बंद पडत नसे. आणि ठिणगीच नसल्याने ओढा ओलांडताना वायरी भिजून गाडी थांबण्याचे भय नव्हते.

याच काळात उलट वाट धरणारी गाडीही आली. डिसेंबर १९८५ मध्ये मारुती जिप्सी बाजारात आली, ९७० घन सेंटिमीटरच्या छोट्या पेट्रोल इंजिनासह. पुढच्या, १.३ लिटरच्या आवृत्तीतही टॉर्क १०३ न्यूटन-मीटरपलीकडे गेला नाही. तरीही भारतीय सैन्याने जिप्सीला दीर्घकाळ आपलेसे केले. गाडीचे वजन सुमारे एक टन. कमी वेगाच्या गियरमध्ये इंजिनाचा जोर चाकांपर्यंत जाताना आणखी दुपटीहून अधिक वाढतो, आणि हलक्या गाडीला चढायला मुळात जोरच कमी लागतो. हिमालयाच्या थंडीत साध्या डिझेलमधील मेण गोठून गाळणी तुंबते; पेट्रोलला ती व्याधी नाही. चिखल आणि बर्फ यांत केवळ इंजिनाचा आकडा पाहणे किती अपुरे आहे, हे जिप्सीने तीन दशके दाखवून दिले.

बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे. येथील हवा किनाऱ्यावरील हवेपेक्षा नऊ-दहा टक्के विरळ असते. टर्बो नसलेले कोणतेही जुने इंजिन इथे जवळजवळ तेवढीच शक्ती गमावते. पेट्रोलच्या जुन्या कार्ब्युरेटरमध्ये मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते आणि गाडी अधिक पिऊ लागते. जुन्या डिझेल पंपाला उंचीचे भान नसेल, तर तो पूर्वीइतकेच इंधन फवारतो, पण ते जाळायला हवा पुरत नाही. चढावर पाय दाबला की मागे जो काळा धूर निघतो, तो या अपुऱ्या हवेचा पुरावा असतो. जुनी गाडी तपासताना हा धूर निदानाला उपयोगी पडतो, मात्र प्रत्येक वेळी त्यावरून इंजिन मोडकळीस आले आहे असे समजू नये. कित्येकदा पंप व नोझल यांची योग्य जुळणी पुरेशी ठरते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस चित्र बदलले. टर्बोने हवा दाबून भरण्याची सोय केली आणि १९९७ मध्ये कॉमन रेल पद्धती मोटारींत आली. पहिल्या पिढीतच तिचा फवारा सुमारे १,३५० बार दाबाचा होता. २०१० च्या महिंद्रा थारमधील अडीच लिटरचे डिझेल इंजिन २४७ न्यूटन-मीटर टॉर्क देत होते, म्हणजे प्यूजोच्या दुप्पट. ‘ताकद डिझेलमध्ये’ हे वाक्य खऱ्या अर्थाने या पिढीचे आहे. दाबाबरोबर नाजूकपणाही आला. जुना यांत्रिक पंप तालुक्याच्या गावी उघडता येई. कॉमन रेलच्या इंजेक्टरला स्वच्छ इंधन आणि संगणकीय तपासणी लागते. म्हणून ‘टिकाऊपणा’चे उत्तर मुख्यतः आधीच्या पिढीचे आहे.

‘बचती’चे उत्तरही त्याच सुमारास झिजू लागले. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले. दोहोंतील दरी आटली. दुसरीकडे आरोग्याचा हिशेब पुढे आला. जून २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर मानवात कर्करोग निर्माण करणारा असल्याचे जाहीर केले. एप्रिल २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तिचे स्वरूप पुढेही बदलत राहिले. तेथून स्वस्तात आलेली गाडी बंगळुरूत घेताना ना-हरकत प्रमाणपत्र आणि कर्नाटकातील रस्ताकर यांचा विचार किमतीतच धरावा लागतो.

बंगळुरूसह १३ शहरांत भारत स्टेज-४ मानके एप्रिल २०१० मध्ये लागू झाली, तर भारत स्टेज-६ एप्रिल २०२० मध्ये देशभर. डिझेलमधील गंधक ५० भागांवरून दशलक्षात १० भागांवर आले. नव्या डिझेल गाडीत काजळी धरून ठेवणारी गाळणी बसली. ही गाळणी साचलेली काजळी सुमारे ६०० अंश तापमानाला जाळून स्वतःला मोकळी करते आणि त्यासाठी मोकळ्या रस्त्यावर सलग धाव लागते. रोज चार किलोमीटर जाऊन सिग्नलवर खोळंबणाऱ्या गाडीत ती तुंबते. नेमक्या याच वर्षी दुसऱ्या पिढीची थार आली. तिच्या डिझेल इंजिनाचा टॉर्क ३०० न्यूटन-मीटर, आणि टर्बो बसवलेल्या पेट्रोल इंजिनाचा ३०० ते ३२०. जोराच्या बाबतीत दोन्ही पंथ समोरासमोर आले. २०२३ ची मारुती जिम्नी तर केवळ पेट्रोलवरच आली.

पेट्रोलचा मार्गही निष्कंटक नाही. आता पंपावर मिळते ते २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी असते. म्हणून या मिश्रणातील ऊर्जा सुमारे सात टक्क्यांनी घटते. जुन्या जिप्सीच्या रबरी नळ्या आणि सील या मिश्रणासाठी बनलेले नव्हते. ते बदलण्याचा खर्च गृहीत धरणे शहाणपणाचे. हा विषयही बंगळुरूला नवा नाही. १९५० च्या दशकात भारतीय विज्ञान संस्थेत एच. ए. हावेमान आणि त्यांचे सहकारी, सहजी न पेटणारे अल्कोहोल डिझेल इंजिनात कसे वापरता येईल, यावर प्रयोग करत होते. त्यांचे निष्कर्ष १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. इंधनाच्या बदलाशी इंजिनाला जुळवून घ्यावे लागते, हा धडा सत्तर वर्षे जुना आहे.

आता हिशेब. समजा पेट्रोल १०० रुपये लिटर आणि गाडी लिटरला १० किलोमीटर धावते. डिझेल ९० रुपये आणि गाडी १३ किलोमीटर. किलोमीटरमागे खर्च अनुक्रमे दहा आणि सात रुपये. वर्षाला २०,००० किलोमीटर धावणाऱ्याची ६०,००० रुपयांची बचत होते, त्याला डिझेल योग्य. पण केवळ सुटीच्या दिवशी बाहेर पडून वर्षाला ५,००० किलोमीटर करणाऱ्याचे १५,००० रुपयेच वाचतात. डिझेलसाठी मोजलेली जादा किंमत आणि इंजेक्टरची एकच मोठी दुरुस्ती ही बचत कित्येक वर्षांसाठी गिळून टाकू शकते.

म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न इंधनाचा नव्हे, सालाचा असावा. यांत्रिक पंपाची जुनी डिझेल जीप घ्यावी ती साधेपणासाठी, पण तिचा धूर शेजाऱ्यांच्या फुप्फुसांत जातो हे मान्य करून. २०१० नंतरची कॉमन रेल गाडी घ्यावी ती जोरासाठी, इंजेक्टरची तपासणी करून. २०२० नंतरचे डिझेल घ्यावे ते लांबच्या वाटेवर नित्य जाणाऱ्याने. शहरात वावरून क्वचित रानात शिरणाऱ्याला हलकी किंवा टर्बोची पेट्रोल गाडी पुरते. लोकांच्या तोंडी असलेली तीन उत्तरे तीन वेगवेगळ्या काळांतून आलेली आहेत आणि ती तिन्ही एकाच गाडीत क्वचितच सापडतात. नोंदणी पुस्तिकेवरील साल वाचले, की समोरची गाडी त्यांपैकी कोणते वचन पाळू शकेल, हे इंजिन सुरू करण्यापूर्वीच बऱ्याच अंशी कळते.