आतड्यांच्या जुनाट विकारांवरील शस्त्रक्रिया आणि प्रत्यारोपण

क्रोन्सचा विकार, अल्सरेटिव्ह कोलायटिस, आतड्यांचा क्षयरोग यांसारख्या विकारांत औषधे अपुरी पडल्यास, किंवा आतड्यात अडथळा, छिद्र अथवा रक्तस्राव झाल्यास शस्त्रक्रिया करावी लागते. तिचे दीर्घकालीन फलित मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते : किती आतडे शिल्लक राहिले आणि पुढील देखरेख कितपत नियमित झाली.

शस्त्रक्रियेनंतर

अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये संपूर्ण मोठे आतडे व गुदाशय काढल्यास तेथील रोग संपतो. लहान आतड्याची पिशवी करून ती गुदद्वाराशी जोडता येते. मात्र दिवसातून अनेकदा शौचास जावे लागते व पिशवीला अधूनमधून सूज येऊ शकते. क्रोन्सच्या विकाराचे तसे नाही. रोगट भाग काढल्यावर औषधे न घेतल्यास बहुसंख्य रुग्णांत वर्षभरातच जोडाजवळ नवे व्रण दिसतात, तेही त्रास जाणवण्याआधी. म्हणून सहा ते बारा महिन्यांत दुर्बिणीने तपासणी करतात. धूम्रपानाने धोका वाढतो.

आखडलेले आतडे कापून न टाकता उभे चिरून आडवे शिवल्यास त्याची लांबी वाचते. आर. एन. कटारिया व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी क्षयाने आखडलेल्या आतड्यांवर केलेली ही शस्त्रक्रिया १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे ऑक्सफर्डचे इमॅन्युएल ली यांनी ती क्रोन्सच्या विकारात वापरली. 

आखूड आतडे

प्रौढाचे लहान आतडे साधारण ६ मीटर असते. ते २ मीटरपेक्षा कमी उरल्यास अन्न, पाणी व क्षार पुरेसे शोषले जात नाहीत. लहान आतड्याचा शेवटचा मोठा भाग काढलेल्यांना ब-१२ जीवनसत्त्वाची इंजेक्शने आयुष्यभर घ्यावी लागतात. काहींना शिरेतून पोषण द्यावे लागते. त्यात नळीतून होणारा जंतुसंसर्ग व यकृताची हानी हे मुख्य धोके आहेत.

प्रत्यारोपण

शिरेतून पोषण देणे शक्य राहत नाही, तेव्हाच लहान आतड्याच्या प्रत्यारोपणाचा विचार होतो. १९६० च्या दशकातील प्रयत्न टिकले नाहीत. १९९० च्या सुमारास आलेल्या टॅक्रोलिमस या औषधाने चित्र बदलले. आतड्यात रोगप्रतिकारक पेशी विपुल असल्याने शरीराने ते नाकारण्याचा धोका मूत्रपिंडापेक्षा अधिक असतो. अनुभवी केंद्रांत पहिल्या वर्षी सुमारे तीन-चतुर्थांश किंवा अधिक रुग्ण जगतात. पाच वर्षांनी हे प्रमाण निम्म्याच्या थोडे वर असते. यशस्वी झाल्यास रुग्ण पुन्हा तोंडाने जेवू शकतो. महाराष्ट्रात अशी प्रत्यारोपणे मुंबई व पुणे येथे झाली आहेत.

रायगड किनारपट्टीवरील स्थिती

अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन येथील रुग्णांना अशा उपचारांसाठी सहसा मुंबई, नवी मुंबई किंवा पुणे गाठावे लागते. मांडवा ते गेटवे प्रवासी बोटी पावसाळ्यात बंद असतात आणि श्रीवर्धनहून रस्त्याने कित्येक तास लागतात. शिरेत पोषणाची नळी असलेल्याला ताप व हुडहुडी भरल्यास हा विलंब जिवावर बेतू शकतो. त्यामुळे सर्वांत जवळच्या रुग्णालयात तत्काळ प्रतिजैविके सुरू करणे आवश्यक ठरते. दाता मिळाल्याचा निरोप आल्यावर पोहोचण्यासही अवधी थोडा असतो, कारण काढलेले आतडे काही तासच टिकते.

पोटावर शौचमार्ग काढलेल्यांचे दमट उन्हाळ्यात मीठ व पाणी झपाट्याने घटते. घरोघरी दिल्या जाणाऱ्या शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर, पण सोडियम कमी असते. नुसते पाणी अधिक प्यायल्यास स्राव वाढतो. अशा वेळी जलसंजीवनी अधिक उपयोगी पडते.